न उघडलेली पाकिटं

(ज्येष्ठांच्या मेळाव्यात महाप्रसादापूर्वी केलेलं भाषण)



प्रसादाची वेळ होत आली आहे, त्यामुळे फार लांबण लावत नाही. 'पुस्तकांनी मला काय दिलं' यावर बोलायला मला सांगितलं आहे. मी एका पुस्तकाबद्दल बोलणार आहे आणि एका पिशवीबद्दल.

1974 साली लग्न होऊन मी लेस्टरला आले. मराठी घेऊन बी.ए. झाले होते आणि शिक्षिका व्हायचं मनात होतं. पण इंग्रजी बोलायची वेळ आली की दातखीळ बसायची. मग होजिअरीच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. शेजारच्या बायका गुजराती, त्यामुळे इंग्रजीवाचून काही अडलं नाही. घरी बँक, डॉक्टर, कौन्सिलचे कागद, सगळं हे बघायचे. पंचेचाळीस वर्षं तशीच निभावली. शिक्षिका व्हायचं मी हळूहळू बोलायचंही सोडून दिलं.

सहा वर्षांपूर्वी हे गेले. दारातून पत्रं मात्र पडतच राहिली. तपकिरी पाकीट दिसलं की छातीत धडधडायचं. मी ते उचलायची आणि भाजीच्या कापडी पिशवीत टाकायची. मुलगा दुसऱ्या गावी असतो. फोनवर विचारायचा, "आई, सगळं ठीक आहे ना?" मी म्हणायची, "हो रे, ठीक आहे." त्याच पिशवीत माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख पडून होती. ती टळून गेली. यादीतून नाव निघालं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. त्यात दुसऱ्या कुणाचा दोष नव्हता, चूक माझीच होती.

त्याच दिवसांत ट्रंक आवरताना आईनं लग्नात दिलेलं एक पुस्तक हाती लागलं. रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. 1910 साली पहिल्यांदा छापलेलं हे पुस्तक तुमच्यापैकी कितीतरी जणींनी वाचलं असेल. मी भिंग घेऊन रोज दोन-चार पानं वाचू लागले.

1873 साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झालं, तेव्हा रमाबाई लहान मुलगी होत्या आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. न्यायमूर्ती रात्री त्यांना शिकवायचे आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचत नव्हतं. दिवसभर टोमणे ऐकायचे आणि रात्री पुन्हा पुस्तक उघडायचं, असा त्यांचा क्रम. पुढे पुण्यात मुलींसाठी हायस्कूल व्हावं म्हणून गव्हर्नरांसमोर इंग्रजी निवेदन वाचायचं काम त्यांच्याकडे आलं. 1884 साली ती शाळा सुरू झाली. तीच आपली हुजूरपागा.

कॉलेजात असताना मला ही मोठ्या माणसाच्या बायकोची गोष्ट वाटली होती. सदुसष्टाव्या वर्षी ती वेगळीच दिसली. भीती गेली आणि मग ही बाई शिकली, असं त्यात काही नाही. घरची बोलणी चालूच होती, संकोच होताच, आणि तरी रोजचा धडा झाला. मी मात्र आयुष्यभर भीती जायची वाट बघत बसले होते.

पुस्तक न्यायमूर्तींच्या निधनापाशी संपतं. ते 1901 साल. त्यापुढचं मी इतरत्र वाचलं. रमाबाई मुंबई सोडून पुण्याला आल्या आणि वर्षभर सगळ्यांपासून दूर राहिल्या. मला माझी पिशवी आठवली. पण वर्षानंतर त्या बाहेर पडल्या. पुण्याच्या सेवासदनात बायकांच्या शिक्षणाचं काम त्यांनी उभं केलं, तुरुंगातल्या बायकांना भेटायला त्या गेल्या, इस्पितळात रुग्णांना फळं, फुलं आणि पुस्तकं नेऊन दिली.

आपल्या लायब्ररीत इंग्रजीचा वर्ग चालतो. पहिल्या आठवड्यात मी दारापर्यंत गेले, काचेतून आत पाहिलं आणि पुढच्या बसनं घरी आले. दुसऱ्या आठवड्यात आत गेले. घरातलं काहीतरी वाचायला आणा, असं शिक्षिकेनं सांगितलं होतं. मी पिशवीतलं एक तपकिरी पाकीट नेलं. सगळ्यांसमोर अडखळत वाचलं. त्यात काय होतं? माझ्या बसपासची मुदत संपत आल्याची सूचना! मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. सगळी पाकिटं अशी निघाली नाहीत, पण उघडल्यावर प्रत्येकाचं काही ना काही करता आलं. डोळ्याचं ऑपरेशनही झालं.

आता कामाचं सांगते. दर रविवारी आरतीनंतर बुटांच्या फळीजवळ मी एक टेबल मांडून बसते. तुमची पत्रं घेऊन या. आपण मिळून वाचू. त्यातला मजकूर टेबलापलीकडे जाणार नाही. अंघोळ, कपडे अशा रोजच्या गोष्टींना मदत लागत असेल, तर अटेंडन्स अलाउन्ससाठी अर्ज करता येतो. घरात बचत आहे म्हणून तो नाकारला जात नाही. पेन्शन क्रेडिट मात्र उत्पन्न आणि बचत पाहून ठरतं, पण ते मिळालं तर इतर सवलतींची दारंही उघडतात. हे आपल्या हक्काचं आहे, यात लाज कसली?

या कामाला आणखी माणसं हवी आहेत. चांगलं इंग्रजी वाचणारे दोघं-तिघं जण रविवारी तासभर आले, तर मी त्यांची ऋणी राहीन. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्याकडे पत्रं वाचायला जाणारंही कुणीतरी पाहिजे. मोठ्या टाइपाची मराठी पुस्तकं आणि भिंगं घेण्यासाठी ट्रस्टनं दानपेटीशेजारी वेगळा डबा ठेवला आहे. त्यात यथाशक्ती टाका.

मी शाळेत शिक्षिका झाले नाही, ते राहूनच गेलं. पण रविवारची पोरं त्या टेबलाला 'बाईंचं टेबल' म्हणतात. आज बोलतानाही माझा हात थरथरतो आहे, पुढे बसलेल्यांना दिसत असेल. थरथरू दे.

घरी गेल्यावर तुमचीही अशी एखादी पिशवी असेल, तर त्यातलं एक पाकीट काढून ठेवा. रविवारी मी वाट पाहते.

रामकृष्ण हरी.