कुलपाची ग्वाही

कुलूप दोन कामें करीत असतें. दार बंद ठेवणें हें एक, आणि तें बंद आहे अशी धन्याच्या मनाची खात्री पटविणें हें दुसरें. पहिलें काम बिघडलें म्हणजे चोरी होते आणि चोरीचा बोभाटाही होतो. दुसरें बिघडलें म्हणजे बाहेरून कांहींच दिसत नाहीं. फक्त तिसऱ्या मजल्यावर पोंचलेला गृहस्थ जोडे न काढतांच पुन्हां जिना उतरूं लागतो. मोटारींना अलीकडे जीं बिनकिल्लीचीं, आपोआप लागणारीं कुलपें बसविलेलीं असतात, त्यांच्याविषयींची तक्रार मुख्यतः या दुसऱ्या प्रकारची आहे.

जुन्या कुलपाची गोष्ट निराळी होती. गांवाला निघतांना दाराला कुलूप घालावयाचें आणि मग तें दोनदां ओढून पाहावयाचें, ही आपल्या घराघरांतील रीत. टांगा दारांत उभा आहे, सामान चढलेलें आहे, आणि घरांतील वडील माणूस चार पावलें जाऊन पुन्हां मागें फिरून कुलपाला हिसका देत आहे, हें पाहून मुलें हंसत. परंतु त्या हिसक्यांत मोठें शहाणपण होतें. किल्ली फिरल्याचा खट्ट आवाज कानाला मिळे, कडी अडकल्याचा धक्का हाताला मिळे, आणि लोंबणारें कुलूप डोळ्यांना दिसे. तीन इंद्रियांची साक्ष झाल्यावर मनाला आणखी पुरावा लागत नसे.

मोटारीच्या दारांतून ही साक्ष एकेक करून कमी होत गेली. १९८० सालीं फोर्ड कंपनीनें अमेरिकेंत दारावरचे आंकडे दाबून उघडणारें कुलूप आणलें. १९८२ च्या सुमारास फ्रान्समधील रेनो कंपनीच्या फ्युएगो या गाडीबरोबर दुरून कळ दाबून दार उघडण्याची सोय आली. येथवर निदान बोट तरी हलवावें लागे. १९९३ सालच्या शेव्हरोले कॉर्व्हेट गाडींत तेंही गेलें. किल्लीचा ठोकळा खिशांत ठेवून माणूस जवळ आला कीं दार मोकळें, आणि तो दूर गेला कीं दार बंद! शतक संपतां संपतां मर्सिडीझनें अशा तऱ्हेची सोय आपल्या मोठ्या गाड्यांत आणली, आणि पुढें ती मध्यम किंमतीच्या गाड्यांपर्यंत येऊन पोंचली. आज पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या आवारांत अशा गाड्या ओळीनें उभ्या असलेल्या दिसतात.

हें घडतें कसें, तें रेडिओच्या श्रोत्यांना समजावयास कठीण नाहीं. कारण यांत दोन लहानशीं प्रक्षेपण केंद्रेंच एकमेकांशीं बोलत असतात. गाडी आपल्या दारांत बसविलेल्या तारेच्या वेटोळ्यांतून सुमारें १२५ किलोहर्ट्झची क्षीण हांक मारते. आकाशवाणीच्या मध्यम लहरींच्याही पुष्कळ खालची ही हांक एक-दोन मीटरांच्या पलीकडे सहसा ऐकूं जात नाहीं. खिशांतील किल्लीला ती ऐकूं आली म्हणजे किल्ली फार वरच्या पट्टींत, अमेरिकेंत ३१५ आणि युरोपांत व आपल्याकडे बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर, गुप्त आंकड्यांत उत्तर देते. उत्तर बरोबर आलें तर गाडी समजते कीं धनी जवळ आहे. उत्तर आलें नाहीं तर समजते कीं धनी गेला. गाडीला धनी दिसत नाहीं, आणि या पद्धतींत खरें अंतरही तिला मोजतां येत नाहीं. हांक पोंचली कीं नाहीं व किती जोरानें पोंचली, एवढ्यावरून ती अंतराचा केवळ अंदाज बांधते. पुष्कळशा घोटाळ्याचें मूळ या अंदाजांत आहे.

किल्लींतील बॅटरी पुष्कळदां नाण्याएवढीच असते. २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड आणि ३ व्होल्टची. ती क्षीण झाली म्हणजे उत्तरही क्षीण होतें. किल्ली आणि मोबाईल एकाच खिशांत चिकटून राहिले, किंवा किल्ली एखाद्या पत्र्याच्या डबीशेजारीं पडली, तर बोलणें अर्धवटच पोंचतें. घराच्या भिंतीला लागून गाडी उभी असेल आणि भिंतीच्या आंतल्या खुंटीला किल्ली टांगलेली असेल, तर धनी शेजारींच उभा आहे अशा समजुतीनें गाडी दार बंद करीत नाहीं. आणि रात्रभर एकमेकींना हांका मारून दोघींच्याही बॅटऱ्या उतरूं लागतात. पावसाळ्यांत आणखी एक प्रकार घडतो. ज्या गाड्यांच्या मुठींत बोटाचा स्पर्श ओळखणारी योजना असते, तेथें पाण्याची धार हीच कधीं कधीं बोटाप्रमाणें भासते. किल्ली खिशांत ठेवून गाडी धुणाऱ्या माणसासमोर कुलूप उगाच उघडतें आणि मिटतें, तें याच कारणानें.

आपोआप लागण्याचे नियमही वाटतात तितके साधे नाहींत. कित्येक गाड्यांत सगळीं दारें लागल्यानंतर किल्ली त्या टप्प्यांतून बाहेर गेली तरच कुलूप लागतें. मुलगा मागचें दार लावण्याच्या आधींच वडील किल्ली घेऊन झपाझप पुढें गेले, तर तो सारा व्यवहारच रद्द होतो. दुसरी किल्ली चुकून गाडींतच राहिली, तरीही तो रद्द होतो. एखाद्या गाडींत नुसतें दूर गेल्यानें कांहींच होत नाहीं. मुठीवरचें बटण दाबावेंच लागतें. ज्या घरांत दोन कारखान्यांच्या दोन गाड्या आहेत, तेथें एका गाडीची संवय दुसऱ्या गाडीला घातक ठरते.

यापुढचा भाग विनोदी आहे, परंतु ज्याच्यावर येतो त्याला हंसूं येत नाहीं. समजा, एखाद्या गृहस्थास शंका आली कीं गाडी बंद झाली कीं नाहीं. तो परत येतो आणि जुन्या रीतीप्रमाणें मुठीला हिसका देतो. दार उघडतें! तें उघडणारच, कारण किल्ली त्याच्या खिशांत आहे, आणि धनी आला असें समजून गाडीनें मोठ्या अदबीनें दार मोकळें केलें आहे. मग तो येण्यापूर्वीं तें बंद होतें कीं उघडेंच होतें? त्या हिसक्यावरून याचा उलगडा होणें शक्य नाहीं. परीक्षा घेणाऱ्याच्या नुसत्या येण्यानेंच परीक्षेचा निकाल बदलतो. अखेर तो किल्ली पत्नीच्या हातीं देऊन तिला वीस पावलें दूर उभी करतो. "अहो, आतां पाहा ओढून," असें ती तिकडून सांगते. "अगं, आणखी थोडी मागें हो," असें हा इकडून ओरडतो. आणि सोसायटीचा पहारेकरी या जोडप्याकडे टकमक पाहत राहतो. जें काम एका हिसक्यानें होत होतें, त्याला आतां दोन माणसें लागूं लागलीं. कांहीं कारखान्यांनीं ही अडचण ओळखून, कुलूप लागल्यावर दोन-तीन सेकंद मूठ ओढली तरी दार उघडूं नये अशी तजवीज केली आहे. सोय लहानशी आहे. पण ती करणाऱ्याला कुलपाचें दुसरें काम समजलें होतें असें म्हटलें पाहिजे.

किल्ली व गाडी यांचें बोलणें तिसऱ्याच कोणाच्या आवाजांत बुडून जातें, असेंही घडतें. २०१९ सालच्या वसंतांत अमेरिकेंत ओहायो राज्यांतील, क्लीव्हलंडजवळच्या नॉर्थ ओल्मस्टेड या गांवीं कांहीं आळ्यांतील मोटारींच्या किल्ल्या चालेनाशा झाल्या. वाहनघरांचीं आपोआप उघडणारीं दारेंही जागचीं हालेनात. नाना तर्क झाले. शेवटीं शोध लागला तो एका राहत्या घराचा. तेथील रहिवाशाला विद्युत्-उपकरणें बनविण्याचा छंद होता. आपण तळघरांत काम करीत असतांना वर कोणी आलें तर कळावें, म्हणून बॅटरीवर चालणारें एक लहानसें यंत्र त्यानें तयार केलें होतें, आणि तें यंत्र ३१५ मेगाहर्ट्झवर अखंड बोलत राहिलें होतें. त्याची बॅटरी काढतांच गांवांतील किल्ल्या पूर्ववत् चालूं लागल्या. त्या मनुष्याच्या मनांत कोणाचें वाईट करण्याचा हेतु मुळींच नव्हता. परंतु एका निरुपद्रवी छंदानें अनेक घरांचीं दारें अडून बसावीं, यावरून हें सारें बोलणें किती नाजूक धाग्यावर चाललेलें असतें तें दिसून येतें.

जेथें नाजूकपणा आहे तेथें चोर पोंचणारच. झ्युरिकच्या तंत्रविद्यापीठांतील तीन संशोधकांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत आठ कारखान्यांच्या दहा प्रकारच्या गाड्यांवरील प्रयोग दिले आहेत. गाडीची हांक पकडून ती दूरच्या किल्लीपर्यंत पोंचविणारी उपकरणें त्यांनीं मध्यें ठेवलीं, तेव्हां दहाही प्रकारच्या गाड्या फसल्या. गुप्त आंकडे फोडण्याची गरजच पडली नाहीं. किल्ली दूर असतांना ती जवळ आहे असें गाडीला भासविलें, एवढेंच पुरलें. पुढें चोरांनींही हाच मार्ग उचलला. एक जण घराच्या भिंतीपाशीं, दुसरा गाडीपाशीं, आणि मालक आंत झोंपलेला. येथें कारखानदारही पेचांत सांपडतो. हांक मोठी करावी तर चोराचें फावतें, आणि लहान करावी तर धन्याचें दार अडतें.

या पेचावर खरा उपाय म्हणजे आवाजाचा जोर पाहण्याऐवजीं उत्तर येण्यास लागलेला वेळ मोजणें. रेडिओची लहर एका सेकंदाच्या अब्जाव्या भागांत सुमारें ३० सेंटिमीटर जाते. मध्यस्थानें हांक कितीही मोठी केली तरी तिला जास्त वेळ लागतो, आणि खोटें अंतर उघडकीस येतें. अशीं कुलपें २०१८ नंतर कांहीं गाड्यांत येऊं लागलीं आहेत. रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांत मात्र अजून जुनाच अंदाज चालतो.

चोरीपेक्षांही मोठी चिंता दुसरी आहे. मूल मागच्या बैठकीवर, किल्ली पर्समध्यें, पर्स पुढच्या बैठकीवर, आणि आई सामान काढण्यास बाहेर उतरलेली. किल्ली आंत आहे हें ओळखून गाडीनें कुलूप लावूं नये, अशी व्यवस्था असते. परंतु बॅटरी क्षीण असेल, किंवा किल्ली धातूच्या वस्तूंत झांकली गेली असेल, तर ती व्यवस्थाही चुकूं शकते. उन्हांत उभ्या असलेल्या बंद गाडींतील उष्णता पहिल्या दहाच मिनिटांत सुमारें १० अंश सेल्सिअसनें वाढते, आणि लहान मुलाचें शरीर मोठ्या माणसापेक्षां लवकर तापतें. अशा वेळीं कुलूपवाल्याची वाट पाहत बसूं नये. ११२ या क्रमांकास कळवावें, आणि उशीर होत आहे असें दिसल्यास मुलापासून सर्वांत दूरची कांच फोडावी. कांच पुन्हां बसवितां येते.

नित्याच्या व्यवहारांत थोडी खबरदारी घेतली तर पुष्कळसा त्रास टळतो. किल्लीच्या पोटांत बहुधा एक धातूची साधी किल्ली दडविलेली असते, आणि तिचें भोंक चालकाच्या दाराच्या मुठीजवळ एखाद्या टोपणाखालीं असतें. तें कोठें आहे हें सवडीनें पाहून ठेवावें, भर पावसांत शोधूं नये. बॅटरी पूर्ण उतरली तरी किल्ली ठराविक जागीं टेंकवून पुष्कळ गाड्या चालूं करतां येतात; ती जागा गाडीबरोबरच्या पुस्तकांत दिलेली असते. बॅटरी क्षीण झाल्याची सूचना दिसतांच ती बदलावी. दुसरी किल्ली गाडींत ठेवूं नये. रात्रीं किल्ली घट्ट झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवावी. मायकेल फॅरडे यानें १८३६ सालीं धातूच्या पिंजऱ्याचा जो गुण दाखविला, तोच येथें उपयोगी पडतो. मात्र डबा हातांत घेऊन एकदां गाडीशेजारीं जावें, आणि दार उघडत नाहीं हें पाहूनच त्यावर विश्वास टाकावा.

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, दूर जातांना गाडीकडे पाठ फिरवूं नये. दिवे लुकलुकले, आरसे मिटले, किंवा बारीक शीळ वाजली, तर ती कुलपाची ग्वाही समजावी. यांपैकीं कांहींच घडलें नाहीं तर बटण दाबून दार आपल्या हातानें बंद करावें. कित्येक गाड्यांत ही खूण मुळांत बंद करून ठेवलेली असते आणि दुकानदारास सांगितल्यावर सुरू करून मिळते. नवी गाडी घेतांना रंग व गाद्या जितक्या बारकाईनें पाहिल्या जातात, तितक्याच बारकाईनें हें विचारून घ्यावें: ही गाडी आपण होऊन केव्हां बंद होते, केव्हां होत नाहीं, आणि बंद झाल्याचें कसें सांगते? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें विक्रेत्यापाशीं तयार असतात. तिसऱ्याचें उत्तर त्याला दारापाशीं उभें राहून प्रत्यक्ष दाखवावयास लावावें.