गोधन आणि लसीचे कवच



पोळ्याला बैलाची शिंगे रंगतात, गळ्यात घुंगरमाळ चढते, घरची लक्ष्मी त्याला ओवाळते. त्याच बैलाला यंदा लस टोचली काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

ओडिशात २०१९ साली आढळलेला लम्पी चर्मरोग २०२० साली अहेरीच्या शेजारच्या सिरोंचा तालुक्यात पोहोचला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून उसळलेल्या साथीने पुढे बहुतेक राज्य व्यापले. अंगभर गाठी, ताप, पायांवर सूज. जनावर दगावले नाही तरी ऐन चिखलणीत बैल बसून राहतो, आणि ज्याच्या दावणीला एकच जोडी आहे त्याची रोवणी हुकते.

हा रोग माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो. त्यांना कुंपण अडवीत नाही आणि रानात गुरे एकत्र चरतात. म्हणून लसीचेच कवच हवे. २०२२ च्या साथीत वापरलेली लस मुळात शेळ्यांच्या देवीची! दोन्ही विषाणू एकाच कुळातले असल्याने ती गोवंशाच्याही कामी आली. हिस्सार व इज्जतनगर येथील शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेली खास लम्पीची स्वदेशी लसही त्याच ऑगस्टमध्ये जाहीर झाली.

साथ लागलेल्या गावाभोवती पाच किलोमीटरच्या परिघातील निरोगी जनावरे टोचायची. काम बाहेरून आत न्यायचे. प्रत्येक जनावराला नवी सुई. प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. खरी अडचण याच काळात उभी राहते. आधीच संसर्ग झालेले एखादे जनावर आजारी पडले, की 'लसीनेच रोग दिला' अशी कुजबुज सुरू होते आणि पुढच्या गावी गोठ्याची दारे बंद होतात. येथे पशुवैद्यकाइतकाच माडिया किंवा तेलुगू बोलणारा गावचा कार्यकर्ता मोलाचा. त्याने आदल्या सांजेस गुराख्याला गाठून सकाळी गुरे सोडू नकोस एवढे सांगितले, तरी अर्धे काम झाले.

जुन्या पिढीला बुळकांडी आठवते. २०११ साली तिचे जगातून उच्चाटन जाहीर झाले, ते मुख्यतः लसीच्या बळावर. घटसर्प आणि फऱ्या मात्र अजून आहेत. त्यांची लस मृगापूर्वी टोचली पाहिजे, कारण ती २ ते ८ अंश तापमानात जपावी लागते आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते.