काटक माणसाची साखर

मी मूळचा शिरूर अनंतपाळचा. आज सुरुवात आमच्या अण्णांपासून करतो.

अण्णा शेतकरी. हातपाय काटकुळे, वजन साठच्या आत. सगळे म्हणायचे, काटक माणूस, याला काय होतंय! मग पायाची जखम दोन महिने भरेना, तेव्हा लातूरला रक्त तपासलं. साखर निघाली, तीही जुनी. पायाचा अंगठा गेला. मला कळेना, बारीक माणसाला साखर कशी?

उत्तर मिळालं पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. उंचीच्या मानानं वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के!

हे येतं कुठून? १९९३ पासून याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि पुढं त्यांची लेकरं तपासली. इथली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा हलकी. मांस कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून. आयांचं रक्त पाहिलं, तर बऱ्याच जणींत बी-१२ कमी. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षी इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देत होतं.

आता इथं घाई करू नका. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण, असं होत नाही. रक्तातली खूण धोका सांगते, निकाल देत नाही. म्हणूनच ही लेकरं वयात आल्यावर त्यांना बी-१२ देऊन पुढच्या पिढीत काय फरक पडतो, हे बघणारी 'प्रिया' चाचणी २०१२ मध्ये सुरू झाली.

आमच्या घरातही एक खूण होती. दर पोळ्याला आई अण्णांसाठी नवा करदोडा आणायची, आणि दर वेळी तो थोडा लांब लागायचा. वजन तेवढंच, पोट मात्र वाढत होतं. आम्ही त्यावर हसायचो.

तर मंडळी, आज घरात टेप काढा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर असली, तर उपाशीपोटी साखर तपासून घ्या. १०० च्या आत असली तर ठीक. १२६ किंवा जास्त आली तर लगेच डॉक्टरांकडं जा. आणि बारीक आहे म्हणून कुणाला सोडू नका.