मोठं घर घेताना आपल्या बाजूचं कोण?



‘घर पाहावं बांधून’ असं आपण म्हणत आलो. आता बांधण्यापेक्षा तयार घर विकत घेणारे वाढलेत, आणि हे काही शहरातल्या लोकांपुरतं राहिलेलं नाही. रस्त्यात जमीन गेली आणि मोबदला आला, मुलगा-सून दोघं कमावती झाली, घरधनी निवृत्त होऊन फंड मिळाला, की तालुक्याच्या गावी बंगला किंवा पुण्या-नाशकात मोठा फ्लॅट घ्यायचं घरात निघतं. चांगलंच आहे. पण असा पैसा आयुष्यात बहुतेक एकदाच येतो. म्हणून आज आपण बोलू, ते असं घर घेण्याआधी कुणाला विचारायचं याबद्दल.

म्हैस घ्यायला जाताना आपण गावातला जाणता माणूस सोबत नेतो. दोन्ही वेळचं दूध काढून बघतो. विकणारा म्हणतो म्हणून ती गाभण आहे असं मानत नाही. मग घर घेतानाच आपण समोरच्याच्या शब्दावर का जातो? संगमरवरी फरशी, मोठं स्वयंपाकघर, गच्चीवर सोलर, दारात गाडीला जागा बघितली की डोळे दिपतात आणि कागद बघायचे राहून जातात.

घर घेताना आपल्याभोवती माणसं पुष्कळ असतात. एजंट असतो, पण त्याची दलाली व्यवहार झाला तरच मिळते. बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी गोड बोलते, पण तिचा पगार बिल्डर देतो. कर्ज काढलं तर बँकेचा वकील कागद बघतो, पण तो बँकेचा पैसा बुडू नये म्हणून. यातलं कुणी वाईट असतं असं नाही. पण यातलं कुणी आपलं नसतं. आपण निवडलेला, आपण फी दिलेला आणि आपल्यालाच उत्तर देणारा एक तरी जाणकार हवा.

आमच्या गटातल्या एका मावशींचं सांगतो. तालुक्याच्या गावी दुमजली बंगला ठरत होता. मिळकत पत्रिकेवर दोन भावांची नावं, घरपट्टी भरलेली, सगळं जागच्या जागी. जावई म्हणाले, ‘इसार देऊन टाकू, दुसरं गिऱ्हाईक लागलंय.’ मावशी म्हणाल्या, ‘आधी आपल्या वकीलबाई बघतील, मग इसार.’

वकीलबाईंनी मागच्या तीस वर्षांच्या नोंदी तपासल्या. घर त्या भावांच्या वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं आणि वडील मृत्युपत्र न करता वारलेले. आईही मागे राहिली नव्हती. वकीलबाईंनी एकच प्रश्न विचारला, ‘वडिलांना मुली किती?’ तेव्हा एक बहीण निघाली. दुसऱ्या जिल्ह्यात दिलेली. वारसांच्या नोंदीत तिचं नावच लावलेलं नव्हतं.

मैत्रिणींनो, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं अशा मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. नाव लावलं नाही म्हणून तो वाटा जात नाही. उद्या ती बहीण कोर्टात गेली असती, तर मावशींचा सगळा पैसा त्यात अडकला असता. आणि ती बहीण तरी कोण? आपल्यासारखीच माहेर सोडून आलेली बाई. तिला डावलून घेतलेल्या घरात आपल्याला झोप कशी लागावी?

भावांनी तिला बोलावून घेतलं. खरेदीखतावर विकणारी म्हणून तिची सही झाली आणि तिच्या वाट्याचा पैसा तिच्या खात्यात गेला. व्यवहार दीड महिना लांबला, इतकंच.

तर पहिला जाणकार वकील. त्यांच्याकडून सर्च रिपोर्ट लेखी घ्या. मालकी कुणाची, बोजा आहे का, कोर्टात दावा आहे का, जमीन बिगरशेती झाली आहे का, भोगवटादार वर्ग २ ची असेल तर विकायची परवानगी घेतली आहे का, हे सगळं त्यात यायला हवं. वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही द्यायला सांगा. नुसत्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घर आपलं होत नाही, खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं.

दुसरा जाणकार बांधकामाचा इंजिनिअर. नवा रंग ओल झाकतो, इंजिनिअर ती शोधतो. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष घर तो ताडून बघतो. नकाशात एक मजला आणि जागेवर दोन असतील, तर वरचा मजला उद्या डोकेदुखी होतो. भोगवटा प्रमाणपत्र आहे का, तेही विचारा.

तिसरा हिशेबाचा जाणकार, म्हणजे सीए. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर एक टक्का कर कापून सरकारजमा करायची जबाबदारी घेणाऱ्याची असते. ‘अर्धे रोख द्या’ असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रक्कम रोखीनं घेणं कायद्याला मान्य नाही, आणि रोखीचा पुरावाही आपल्या हातात राहत नाही.

नव्या स्कीममधला फ्लॅट असेल, तर महारेरा नोंदणी क्रमांक मागा. तो संकेतस्थळावर टाकला की प्रकल्पाची माहिती दिसते. गटातल्या शिकलेल्या मुलीला बघायला सांगा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. भाव चटई क्षेत्रावर, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेवर ठरतोय ना, हेही बघा.

आता घर कुणाच्या नावावर? आपल्या राज्यात १ एप्रिल २०२१ पासून रहिवासी घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ६० लाखांच्या घरावर हे ६० हजार होतात. जाणकारांची फी यातून काढता येईल. नवऱ्यासोबत जोडनावानं घेतलं तर ही सवलत मिळत नाही, पण नाव मात्र लागतं. काय करायचं ते घरात बसून ठरवा. फक्त आपलं नाव अजिबातच नाही, असं होऊ देऊ नका.

फी परवडत नाही म्हणून कुणी थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं काढा. कुणाच्या घरात खरेदीची बोलणी चाललीत ते विचारा. तालुक्यातल्या भरवशाच्या वकिलांची आणि इंजिनिअरची नावं गटाच्या वहीत लिहून ठेवा. आणि इसाराचा चेक फाडायच्या आधी एवढंच विचारा, ‘कागद आपल्या माणसानं बघितले का?’