चित्रांची भाषा आणि आपली मुले
(सायखेडा येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मेळाव्यात दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, आणि तो व्हावयासच हवा. परंतु ज्यांचे नाव या व्यासपीठावरून कधी उच्चारले जात नाही, किंबहुना पाहुणे आले म्हणजे ज्यांस आतल्या खोलीत बसविले जाते, अशा बालकांविषयी आज चार शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्ही आपणाजवळ मागतो. डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेली ही मुले होत.

इंग्लंडातील डॉ. जॉन लँग्डन डाउन यांनी 1866 साली या अवस्थेचे वर्णन केले. तिचे कारण 1959 साली फ्रान्समधील डॉ. जेरोम लेज्यून व त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केले. एकविसाव्या गुणसूत्राच्या दोन प्रतींऐवजी तीन असतात, हे ते कारण. शेकडा सुमारे 95 मुलांत ही जादा प्रत केवळ योगायोगाने आलेली असते; उरलेल्यांविषयी काय ते गुणसूत्रांच्या तपासणीत कळते. तेव्हा ग्रहणात आईने विळी हाती धरली, अमक्याच्या घराण्यातच दोष आहे, ही बोलणी निराधार होत. बहिणीचे लग्न जमणार नाही या भयाने भावास दडवून ठेवणे हा तर दोघांवरही अन्याय आहे.

या मुलांस समजते पुष्कळ, बोलता येते थोडे. तोंडाचे स्नायू सैल असतात, कानात द्रव साचून पुष्कळांस कमी ऐकू येते, आणि ऐकलेले शब्द मनात फार वेळ टिकत नाहीत. त्या मानाने डोळ्यांनी पाहिलेले अधिक टिकते. चित्राचे साहाय्य घ्यावयाचे ते याचसाठी. चित्रे दिली तर मूल बोलण्याचा आळस करील, अशी शंका पालक हटकून विचारतात. तसे होत नाही. चित्र दाखविताना आपण शब्द स्पष्ट उच्चारीत राहिलो, तर बोलणे अडत नाही. उलट त्यास आधार मिळतो.

परंतु चित्र कोणते? बाजारातील तयार संचांत सफरचंद असते, बर्फातली टोपी असते. निफाड तालुक्यातील मुलास द्राक्षांचा घड द्यावा, कांद्याची चाळ द्यावी, गोदावरीवरचा पूल द्यावा. आरंभी त्याच्याच पेल्याचे, त्याच्याच आजीचे छायाचित्र घ्यावे, रेखाचित्र मागाहून. एका पुठ्ठ्यावर एकच वस्तू असावी. पाठीमागे भिंतीवरचे कॅलेंडर, दोरीवरचे कपडे, काही दिसू नये. यांपैकी अनेकांची जवळची दृष्टी क्षीण असते, म्हणून रेषा जाड आणि रंग ठसठशीत हवेत. वरून चकचकीत आवरण घातल्यास उजेड परावर्तित होऊन चित्रच दिसेनासे होते. खाली मोठ्या अक्षरांत शब्द लिहावा. यांतील बरीच मुले अख्खा शब्द नजरेने ओळखून वाचावयास शिकतात. आणि घरात ज्यास कालवण म्हणतात, त्याखाली कालवण हाच शब्द असावा. पुस्तकी मराठीचा आग्रह येथे कामाचा नाही.

नुसत्या वस्तूंची चित्रे करून भागत नाही. ‘पाहिजे’, ‘अजून’, ‘नको’ आणि ‘दुखते’ ही चार पाने प्रथम करावीत. पैकी ‘नको’ हे पान घरातील वडीलधाऱ्यांस रुचत नाही, असे आम्ही पाहतो. पण ज्यास नको म्हणता येत नाही, ते मूल ताट भिरकावते, आणि मग आपण त्यास हट्टी म्हणतो. ‘दुखते’ या पानावर शरीराची आकृती काढावी, म्हणजे मुलास बोट ठेवून जागा दाखविता येते. या मुलांपैकी सुमारे निम्म्यांस जन्मतः हृदयविकार असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे या पानाचे मोल कळेल.

दिवसाचा क्रमही चित्रांनी सांगता येतो. आंघोळ, न्याहारी, शाळा अशी पाने सुतळीवर डावीकडून उजवीकडे अडकवावीत. एकेक काम झाले की मुलाने स्वतः ते पान काढून पिशवीत टाकावे. 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदामाईचे पाणी सायखेडा-चांदोरीत शिरले, ते आपण विसरलेलो नाही. अशा वेळी घर का सोडावयाचे, हे या मुलास घाईत शब्दांनी कसे समजवावे? पाणी, टेंपो, मावशीचे घर, पुन्हा आपले घर, अशी चार पाने ज्येष्ठातच करून ठेवावीत आणि अधूनमधून दाखवावीत.

मुलास चित्र ओळखता आले नाही, तर चित्र बदलावे.

ही वाट अपरिचित नाही. मुंबईची जय वकील शाळा 1944 सालापासूनची. नाशकात रजनीताई लिमये यांनी 1977 साली प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत तयार झालेले ‘जेलो’ हे साधन चित्रावर बोट ठेवताच मराठीत शब्द उच्चारते. भ्रमणध्वनी घरोघरी आहेतच. पण पुठ्ठ्याचे पान पाण्यात पडले तरी दुसरे करता येते, म्हणून आमचा कल पुठ्ठ्याकडे.

कार्यकारी मंडळास आमची विनंती एवढीच आहे की, पारितोषिकांच्या निधीतून काही रक्कम छायाचित्रांच्या छपाईसाठी राखून ठेवावी. भोजनोत्तर मंडपाच्या उजव्या बाजूस पुठ्ठे, कात्र्या व रंग मांडून ठेविले आहेत. ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी त्यास सोबत घेऊन यावे. पाने त्याच्यासमोर बसूनच करावयाची आहेत.