मातृत्वाचा निर्णय आणि एक दुर्धर व्याधी



मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या कानांवर आलेही नसेल. शरीराची संरक्षक शक्तीच मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंच्या आवरणावर उलटते. मग दृष्टी अंधुक होते, हातापायांतील बळ जाते, असह्य थकवा येतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा रोग अधिक, आणि तोही बहुधा २० ते ४० या वयात, म्हणजे नेमका लग्नाच्या व मुलाबाळांच्या काळात जडतो.

अशा स्त्रीने आई होऊ नये, असे पूर्वी डॉक्टरही सांगत. ते मत टिकले नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात युरोपातील १२ देशांतील २५४ स्त्रियांच्या गर्भारपणांचा अभ्यास झाला. शेवटच्या तीन महिन्यांत रोग उचल खाण्याचे प्रमाण पुष्कळ घटलेले दिसले. प्रसूतीनंतरच्या तीन महिन्यांत मात्र ते पूर्वीपेक्षाही वाढले व पुढे पूर्ववत् झाले. तेव्हा ‘एक मूल होऊ दे, म्हणजे दुखणे पळेल’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना आधार नाही, आणि मातृत्व सरसकट निषिद्ध ठरविणाऱ्यांनाही नाही. दोघेही तिला न विचारता बोलतात, हे विशेष!

तिला विचारले तर उत्तर एकच येत नाही. कोणी पाय धड आहेत तोवर मूल व्हावे म्हणते, कोणी एकावर थांबते, कोणी नकोच म्हणते. नको म्हणणारीचे भय बहुधा प्रसूतीचे नसते. रात्री रडणारे मूल उचलताना हात साथ देतील काय, हे असते. आमच्याकडे बाळंतिणीची बडदास्त सव्वा महिना. धोक्याचे दिवस तीन महिने!

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. स्थळ हातचे जाईल या धास्तीने मुलीचा रोग लपविला जातो. मग सासरी औषधही चोरून घ्यावे लागते. काही औषधे गर्भास अपायकारक असून ती दिवस जाण्यापूर्वीच डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलावी लागतात. ज्या घरात औषधाचे नावच काढता येत नाही, तेथे हे व्हावे कसे?

ज्ञातीच्या महिला शाखेस आमची विनंती आहे की, अशा घरी सव्वा महिन्यानंतर रात्रीच्या जागरणास कोण जाणार, याची पाळी आधीच लावून ठेवावी.