२०३० आणि आपली ग्रामसभा

सोलापूरच्या भवानी पेठेतून आम्ही बोलतोय. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

२०१५ साली संयुक्त राष्ट्रांत १९३ देशांनी मिळून १७ उद्दिष्टं ठरवली. त्यांना शाश्वत विकास उद्दिष्टं म्हणतात. पहिलंच उद्दिष्ट आहे गरिबी संपवण्याचं. मुदत २०३० ची. वर्षं थोडी उरली आणि काम मागे पडलंय. मग वेग वाढवायचा कसा? त्यासाठी आमच्या सोलापूरची गोष्ट ऐका.

इथे पूर्व भागात घरोघरी बायका विड्या वळतात. सुपात तेंदूची पानं, तंबाखू, दोरा. मजुरी हजार विड्यांमागे. किती घरांत एकाच खोलीत चूल, तंबाखू, लेकरांचा अभ्यास आणि रात्रीची झोप! अशा मजुरीवर एकटीच्यानं घर बांधून होत नाही. म्हणून बायका संघटनेत आल्या. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली मोर्चे निघाले, सहकारी संस्था झाली, सरकारकडून वाटा मिळवला. २००६ मध्ये कुंभारीला महिला विडी कामगारांची १०,००० घरांची वसाहत झाली. तिला नाव दिलं गोदूताई परुळेकरांचं. त्यानंतर कुंभारीलाच रे नगर ही ३०,००० घरांची योजना आली. त्यातल्या १५,००० घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ ला मिळाला.

एकजुटीनं काय होतं ते यात दिसतं. पण दोन तारखांमधलं अंतरही बघा. सतरा वर्षांहून जास्त! तेवढ्यात मांडीवरची लेक लग्नाला येते. म्हणून मागणी करून थांबायचं नाही, तारीख मागायची.

आणि घर मिळालं म्हणजे गरिबी सरली असंही नाही. नीती आयोग गरिबी मोजताना बारा गोष्टी बघतो: पोषण, बालमृत्यू, गरोदरपणातली काळजी, शिक्षणाची वर्षं, मुलांची शाळेतली हजेरी, स्वयंपाकाचं इंधन, संडास, पिण्याचं पाणी, वीज, घर, घरातल्या वस्तू आणि बँक खातं. म्हणजे हातात चार पैसे आले, पण पाण्यासाठी मुलीची शाळा बुडत असेल, तर त्या घरातली गरिबी गेलेली नाही.

ही बारा नावं बचत गटाच्या वहीत लिहून घ्या. घरोघरी विचारा. जे नाही त्यापुढे फुली मारा. एकटी बाई, भूमिहीन, अपंग माणसाचं घर आधी गाठा. बैठकीला न येणारीचं घर तर नक्कीच. ज्या घरापुढे फुल्या जास्त, त्याचा नंबर पहिला.

मग ही वही महिला ग्रामसभेत न्या. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी, असा कायदाच आहे. उमेदच्या गटांनी केलेला गरिबी निर्मूलनाचा आराखडा ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घेता येतो. तिथे तीन प्रश्न विचारा: हे काम कोण करणार? पैसा कुठल्या योजनेतून येणार? कधीपर्यंत होणार?

उत्तरं तोंडी घेऊन उठू नका. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना ती इतिवृत्तात लिहायला सांगा आणि लिहिलेलं सगळ्यांसमोर वाचून घ्या. पुढच्या सभेत तीच वही उघडा, किती फुल्या कमी झाल्या ते मोजा. जगाला २०३० ची मुदत आहे. आपल्या गावाची मुदत आपण ठरवू.